रिमोटची शिकवणी

मी टीव्हीवर आलेलो आहे. हे मी गेली सत्तावीस वर्षं सांगतो आहे, आणि गेली सत्तावीस वर्षं ऐकणारा माणूस आधी माझ्या टकलाकडे बघतो, मग "हो का?" म्हणतो आणि मग घरच्यांच्या तब्येतीची चौकशी करतो. काहीजण तर माझ्याच तब्येतीची करतात.

त्या काळी वेगवेगळ्या कार्यालयांमधल्या कर्मचाऱ्यांसाठी प्रश्नमंजूषेचा एक कार्यक्रम असायचा. आमच्या पाणीमीटर तपासणी कार्यालयातर्फे तिघेजण गेलो होतो. एका बाजूला साहेब, दुसऱ्या बाजूला टायपिस्ट मॅडम आणि मध्ये मी. उपांत्य फेरी. दोन्ही संघ बरोबरीत. शेवटचा प्रश्न आला, जगातलं सर्वांत खोल सरोवर कोणतं? साहेब छताकडे बघत होते. मॅडम चष्मा पुसत होत्या. मी घंटी दाबली आणि शांतपणे म्हणालो, "बैकल." टाळ्यांचा कडकडाट. अंतिम फेरीत आम्ही सडकून हरलो, पण तो विषय वेगळा आहे आणि त्यात माझा दोष नव्हता.

या प्रसंगाचा घरात पुरावा नाही. अण्णा, म्हणजे माझे वडील, तेव्हा बदलीच्या गावी होते आणि तिथे टीव्ही दिसत नसे. लेक तर जन्मालाच यायची होती. तिला मी ही गोष्ट लहानपणी झोपवताना सांगायचो, त्यामुळे ती हिला राक्षस आणि राजकन्या यांच्याच खात्यात टाकते. "बाबा, बैकलची सांगा ना," असं ती पाहुण्यांसमोर म्हणते तेव्हा तिचा सूर मला मुळीच आवडत नाही.

आणि अशात बुधवारी सकाळी वर्तमानपत्राच्या आतल्या पानावर, हरवलेल्या छत्रीच्या जाहिरातीखाली, चार ओळी छापून आल्या. वाहिनी आपल्या वर्धापनदिनानिमित्त जुने कार्यक्रम पुन्हा दाखवणार होती. रविवारी संध्याकाळी पाच वाजता, कार्यालयीन प्रश्नमंजूषा, उपांत्य फेरी. खाली दोन्ही कार्यालयांची नावं होती. मी ती बातमी उभ्याने वाचली, बसून वाचली, मग चष्मा लावून वाचली. माझ्या छातीत अशी धडधड सुरू झाली की विमा तपासणीवाल्या डॉक्टरांनी तेव्हा मला पाहिलं असतं तर हप्ता वाढवला असता.

"रविवारी पाच वाजता!" मी घरभर ओरडत फिरलो. "आता बघा म्हणावं!"

"बाबा, म्हणजे तुम्हाला खरंच केस होते?" लेक म्हणाली.

"पाचला माझ्या बातम्या असतात," अण्णा म्हणाले.

बायकोने वर्तमानपत्र हातात घेऊन बराच वेळ वाचलं. मग म्हणाली, "अहो, रविवारी कुठेतरी बाहेर जाऊ या का? कित्येक महिन्यांत गेलो नाही." ज्या बाईने सव्वीस वर्षं संसार केला तिला आपल्या नवऱ्याचं कर्तृत्व बघण्यापेक्षा बाहेर जावंसं वाटावं, याचं मला वाईट वाटलं. पण मी ते बोलून दाखवलं नाही. रविवारी पाच वाजून पंचवीस मिनिटांनी सगळं बोलायची गरजच संपणार होती.

आता आमच्या घरातल्या राज्यकारभाराबद्दल थोडं सांगायला हवं. आमच्याकडे चार रिमोट आहेत, किंवा होते. टीव्हीचा रिमोट लेकीच्या ताब्यात असतो. कार्यक्रम ज्यातून येतात त्या बॉक्सचा बायकोकडे. टीव्हीचा स्वतःचा आवाज दोन वर्षांपूर्वी गेला, तेव्हा माझ्या मेहुण्याने कुठूनतरी एक लांबलचक साउंडबार आणून भिंतीवर उंच ठोकून दिला, आणि ठोकताना त्याची बटणं भिंतीकडे केली. त्याचा रिमोट अण्णांच्या उशीखाली असतो. चौथा डीव्हीडी प्लेअरचा. तो प्लेअर तीन वर्षं बंद आहे. तो रिमोट माझा.

म्हणजे काहीही बघायचं तर तिघांचं एकमत लागतं. लेकीने टीव्ही लावला, बायकोने वाहिनी लावली, तरी अण्णांना ती पसंत नसेल तर ते आवाज देत नाहीत. मग माणसं नुसती तोंडं हलवतात. या सगळ्या व्यवस्थेत माझ्याकडे एकच खातं आहे, सेल बदलण्याचं.

रविवारी नेमके पावणेपाचला अण्णा झोपले तर? लेकीची मैत्रीण आली तर? सत्तावीस वर्षांनी आलेली संधी मी तिघांच्या मर्जीवर सोडायची? मी ठरवलं, घरात युनिव्हर्सल रिमोट आणायचा. एकच रिमोट, सगळ्यांवर चालणारा, आणि तो माझ्या हातात. या विचाराने मी इतका फुलून गेलो की त्या दिवशी कार्यालयात तीन मीटर न तपासताच बरोबर ठरवले.

खरेदीला निघण्याआधी कोणाचा सल्ला घेऊ नये. मी घेतला. आमच्या खालच्या मजल्यावर एक निवृत्त आरेखक राहतात. चाळीस वर्षं त्यांनी पुलांचे नकाशे काढले. इमारतीत सगळे त्यांना नकाशेकाका म्हणतात. मी जिन्यात नुसतं "रिमोट" म्हणालो आणि गुरुवारी संध्याकाळी ते मोजपट्टी, कोनमापक आणि टोकदार पेन्सिल घेऊन आमच्या हॉलमध्ये हजर झाले.

"रिमोटचा किरण सरळ जातो," ते म्हणाले. "माणसं जात नाहीत, किरण जातो. तेव्हा आधी जागा बघू. हा सोफा कायम इथेच असणार आहे का?"

"म्हणजे काय काका, तो कुठे जाणार?"

"जावा लागेल," नकाशेकाका म्हणाले.

तासाभरात त्यांनी हॉलचा सुंदर नकाशा काढला. त्यात सोफा, टीव्ही, साउंडबार आणि सोफ्यावर एक गोल होता, तो मी. गोलापासून तीन रेषा निघाल्या होत्या. नकाशाप्रमाणे सोफा बावीस अंश फिरवला तेव्हा तिन्ही रेषा बरोबर जुळल्या, फक्त घराचं दार अर्धंच उघडू लागलं. तेव्हापासून आमच्याकडे सगळे आडवे होऊन येतात. अण्णा फिरून आले तेव्हा दारातच अडकले आणि आतून काठी काढून घ्यावी लागली. पण किरणांचा मार्ग मोकळा झाला होता, हे त्यांना कितीही समजावलं तरी पटेना.

शुक्रवारी मी अर्ध्या दिवसाची रजा टाकली. अर्जात कारण लिहिलं, घरगुती निकड. दुकान मोठं होतं, सगळीकडे टीव्ही लावलेले, आणि प्रत्येक टीव्हीवर तोच एक पोपट उडत होता. विक्रेता टाय लावलेला, अतिशय गोड बोलणारा माणूस. मी युनिव्हर्सल रिमोट म्हटल्यावर त्याने माझ्याकडे वरपासून खालपर्यंत बघितलं आणि सगळ्यांत आधी एक रिमोट काढला, ज्यावर बिस्किटाएवढी सहा बटणं होती.

"हा ज्येष्ठांसाठी, सर. चष्मा नसला तरी चालतो."

मी चष्मा काढून पुसला, पुन्हा लावला आणि म्हणालो, "वडिलांसाठी नकोय." तो समजला. मग त्याने दुसरा काढला, त्यावर चौसष्ट बटणं. तो बघूनच माझे डोळे पाणावले. तिसरा आवाजावर चालणारा होता. "सर, नुसतं बोला. टीव्ही लाव."

"टीव्ही लाव," मी म्हणालो. काही झालं नाही.

"टीव्ही लाव!" तो म्हणाला. टीव्ही लागला. पोपट उडाला.

"सर, थोडं हुकमी आवाजात म्हणावं लागतं," तो हळूच म्हणाला. अठ्ठावीस वर्षांच्या नोकरीत आणि सव्वीस वर्षांच्या संसारात मला जो आवाज कधी सापडला नाही तो मी त्या काउंटरवर उभं राहून तीनदा शोधला. तिसऱ्या वेळी शेजारच्या काउंटरवरचा मिक्सर सुरू झाला, पण तो योगायोग असावा.

आणि मग त्याने चौथा काढला. काळा, सडपातळ, हातात बरोबर बसणारा. "हा शिकणारा आहे, सर. ह्याला कुठलीही कंपनी चालते. एकदा शिकवलं की जन्मात विसरत नाही."

मी लगेच विरघळलो. आमच्या कार्यालयात एकदा शिकवल्यावर न विसरणारं काहीही नाही. "हाच," मी म्हणालो. कोणाकडून शिकतो, हे मी विचारलं नाही. विचारायला हवं होतं.

पैसे भरायला गेलो तर तिथे मोठा फलक होता. जुने रिमोट आणून द्या, नव्यावर सवलत मिळवा. आज शेवटचा दिवस. मध्यमवर्गीय माणसाला सवलत आणि शेवटचा दिवस हे दोन शब्द एकत्र दिसले की त्याचा मेंदू आपोआप बंद होतो. मी रिक्षा केली, घरी आलो. बायको कामावर, लेक कॉलेजात, अण्णा फिरायला. मी चारही रिमोट गोळा केले. अण्णांच्या उशीखाली हात घालताना जरा चोरासारखं वाटलं, पण क्रांती म्हटली की थोडं असं व्हायचंच. दुकानात अदलाबदलीचं काउंटर वेगळं, विक्रीचं वेगळं. तिथल्या बाईंनी चारही रिमोट एका पारदर्शक पिशवीत घातले, पिशवीला सील ठोकलं, वर नंबर लिहिला आणि मला पावती दिली. नवा रिमोट खिशात घालून मी दुकानाच्या पायऱ्या उतरलो तेव्हा माझी चालसुद्धा बदलली होती.

घरी येऊन मी माहितीपुस्तिका उघडली. पायरी पहिली, सेल घाला. यात माझा हात कोण धरणार? पायरी दुसरी, जुना रिमोट नव्या रिमोटसमोर वीतभर अंतरावर धरा आणि एकेक बटण दाबून शिकवा.

मी हे वाक्य तीनदा वाचलं. मग पुस्तिका उलटी करून वाचली. शिष्य घरात आणला होता आणि त्याचे चारही गुरू मी स्वतःच्या हाताने सील करून देऊन आलो होतो. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. मी बावीस अंश फिरवलेल्या सोफ्यावर बसलो आणि काळ्या पडद्यात माझंच तोंड बघत राहिलो.

संध्याकाळी सगळे एकेक करून आडवे आत आले. अण्णांनी उशी उचलली, झटकली, खोळीत हात घातला. "अरे, माझा रिमोट कुठे आहे?" मग लेकीने तेच विचारलं. मग मी सगळं सांगितलं. लेक हसत हसत आधी खुर्चीवर आणि मग जमिनीवर बसली. अण्णा म्हणाले, "चार होते तेव्हा टीव्ही दिसत होता." बायकोने फक्त एवढंच विचारलं, "पावती आहे ना?" आणि का कोण जाणे, मला तेवढ्याने फार धीर आला.

दुकानाच्या ग्राहकसेवेला फोन लावला. आधी बासरी वाजली. मग एक दाबा, दोन दाबा झालं. मग एक मुलगी अतिशय प्रेमाने म्हणाली, "सर, आपली तक्रार नव्या रिमोटबद्दल आहे की जुन्या?"

"दोघांच्या संबंधांबद्दल आहे," मी म्हणालो.

तिने पुन्हा बासरी लावली. अखेर कळलं ते असं की जुन्या वस्तू गोदामात गेल्या, गोदाम शनिवारी चारपर्यंत उघडं असतं, आणि रविवारी बंद.

शनिवारी सकाळी मात्र माझं नशीब जागं झालं. नकाशेकाकांना बातमी लागलीच होती. त्यांच्याकडे आमच्याच कंपनीचा टीव्ही निघाला. ते आपला रिमोट मखमली पिशवीत घालून घेऊन आले. समोरच्या घरात एक निवृत्त मुख्याध्यापिका राहतात, त्यांना सगळी इमारत मोठ्या बाई म्हणते. त्यांच्याकडे आमचाच बॉक्स. शिकवायचं आहे असं ऐकल्यावर मोठ्या बाई साडेआठलाच येऊन टेबलाशी बसल्या.

"हा तुमचा विद्यार्थी का?" त्यांनी नव्या रिमोटला चष्म्याखालून बघितलं. "एका वेळी एकच बटण. पक्कं झाल्याशिवाय पुढे जायचं नाही."

हिरवा दिवा लागला की बटण शिकलं, लाल लागला की नाही. मोठ्या बाईंनी एकाही लाल दिव्याला माफ केलं नाही. सातचा आकडा त्याला तीनदा जमला नाही तेव्हा त्यांनी त्याला पाच मिनिटं बाजूला ठेवलं. आश्चर्य म्हणजे नंतर तो शिकला. तोवर इमारतीतली माणसं आडवी होऊन आत येऊ लागली होती. कोणी बघायला, कोणी सांगायला. प्रत्येकाला मी बैकलची गोष्ट सांगितली आणि प्रत्येकाने रविवारी यायचं कबूल केलं. टीव्ही लागला, वाहिनी बदलली, आणि हॉलमध्ये टाळ्या पडल्या. मी आयुष्यात दुसऱ्यांदा टाळ्या ऐकत होतो. फक्त आवाज तेवढा राहिला होता. मेहुण्याने आणलेला तो साउंडबार अख्ख्या इमारतीत दुसऱ्या कोणाकडे नव्हता.

मी तीन वाजून वीस मिनिटांनी गोदामात पोहोचलो. लांब पत्र्याची शेड, आत एक काउंटर, काउंटरपलीकडे गळ्यात दोरीने चष्मा अडकवलेले गोदामप्रमुख. मी पावती दिली. त्यांनी आतून पिशवी आणली आणि माझ्यापासून हातभर अंतरावर ठेवली.

"हीच ना?"

"हीच!" मी हात पुढे केला.

"हात मागे घ्या, साहेब. परत द्यायची पद्धत नाही. आमच्याकडे फक्त घ्यायची आहे. ही वस्तू आता भंगार म्हणून नोंदली गेली. भंगार पुन्हा वस्तू करायचं असेल तर मुख्य कार्यालयाचा दाखला लागतो."

"किती दिवस लागतात?"

"अजून कोणी मागितला नाही."

मी त्यांना सगळं सांगितलं. पाणीमीटर, टायपिस्ट मॅडम, बैकल, उद्या पाच वाजता. मीही सरकारी माणूस आहे. नियम मोडा असं मी कोणाला म्हणत नाही, मला तसं म्हणताही येत नाही. पण नियमाला फट कुठे असते ते आमच्यासारख्यांनाच कळतं.

"साहेब," मी म्हणालो, "वस्तू काउंटरच्या अलीकडे येऊ शकत नाही. बरोबर?"

"बरोबर."

"त्यातला किरण आला तर?"

गोदामप्रमुखांनी चष्मा लावला. खणातून नियमांची वही काढली. बोटाला थुंकी लावून पानं उलटली. पाच मिनिटांनी त्यांनी वही मिटली. "किरणांबद्दल काही लिहिलेलं नाही," ते म्हणाले, आणि मला प्रथमच त्यांच्या तोंडावर काहीतरी उत्साहासारखं दिसलं. "पण सील तोडणार नाही. पिशवीवरूनच दाबतो."

आणि मग, चार वाजायला दहा मिनिटं असताना, काउंटरच्या पलीकडे ते पिशवीतला जुना रिमोट धरून आणि अलीकडे मी नवा रिमोट धरून असे आम्ही समोरासमोर उभे राहिलो. मध्ये वीतभर अंतर.

"चालू," मी म्हणालो. त्यांनी दाबलं. हिरवा.

"आवाज वाढवणे." हिरवा.

"आवाज कमी करणे." हिरवा!

मला काउंटरवरून उडी मारून त्यांना मिठी मारावीशी वाटली, पण तसं केलं असतं तर मीच गोदामात जमा झालो असतो. मी त्यांना रविवारचं आमंत्रण दिलं. ते म्हणाले, "उद्या सुट्टी आहे, बघतो." बाहेर आलो तेव्हा मागे शटर पडलं.

घरी येऊन चालूचं बटण दाबलं. साउंडबारवर निळा दिवा लागला आणि बातम्या सांगणारी बाई बोलू लागली. लेकीने शिट्टी मारली. अण्णा म्हणाले, "एवढा आवाज बरोबर आहे. आता कोणी हात लावू नका." कोणी लावला नाही.

रविवारी पावणेपाचला आमच्या हॉलमध्ये बावीस माणसं होती. मोठ्या बाई खुर्चीवर, नकाशेकाका नकाशातल्या गोलाच्या शेजारी, अण्णा बातम्यांचा त्याग करून सोफ्यावर. गोदामप्रमुखसुद्धा आले, बायकोला घेऊन, आणि अर्ध्या दारातून दोघेही आडवे आत शिरले. मी इस्त्रीचा शर्ट घातला होता. हातात रिमोट. पाच वाजता संगीत वाजलं, पाटी आली, आणि तो दिसला. केस! दाट, काळे, मागे वळवलेले केस. बारीक मिशी. मध्ये बसलेला.

"बाबा!" लेक किंचाळली. "बाबा, हे खरंच तुम्ही!"

सत्तावीस वर्षांचा अपमान त्या एका किंकाळीने धुऊन निघाला. मला खोलीतल्या सगळ्यांवर एकदम प्रेम वाटू लागलं. फेऱ्या पुढे सरकल्या, साहेबांनी दोन उत्तरं दिली, मॅडमनी चार, गुण बरोबरीत आले. मागून कोणीतरी म्हणालं, "ऐकू येत नाही हो, जरा आवाज वाढवा."

मी हात लांब करून थाटात अधिकचं बटण दाबलं. आवाज कमी झाला. मी पुन्हा दाबलं. आणखी कमी झाला.

"जोरात दाबा," नकाशेकाका म्हणाले. जोरात दाबलं. "कोन चुकतोय, डावीकडे घ्या." डावीकडे घेतला. मोठ्या बाई म्हणाल्या, "सलग दाबा, मध्ये सोडू नका." सलग दाबलं. आवाज पूर्ण गेला. अधिक दाबून कमी होतं आहे म्हणजे अधिक आणखी दाबायला हवं, यावर बावीस माणसांचं एकमत होतं. उण्याचं बटण दाबून बघावं हे एकालाही सुचलं नाही. पिशवीवरून दाबताना अधिक आणि उणे या बटणांची अदलाबदल झाली होती हे आता गोदामप्रमुखांच्या लक्षात आलं असावं, कारण ते छताकडे बघू लागले होते.

पडद्यावर सूत्रसंचालकाने शेवटचं कार्ड उचललं.

"राहू द्या!" मी ओरडलो. "आवाज नको! मला सगळं पाठ आहे!" मी रिमोट टाकला आणि टीव्हीशेजारी जाऊन उभा राहिलो. "आता विचारतो आहे, जगातलं सर्वांत खोल सरोवर कोणतं. बघा, साहेब छताकडे बघतायत! मॅडम चष्मा पुसतायत! आता मी घंटी दाबतो... दाबली! आणि मी म्हणतो, बैकल!"

पडद्यावरच्या माझ्या ओठांना मात्र बराच वेळ लागला. बैकलला इतका वेळ लागत नाही. सूत्रसंचालकाने मान डावी-उजवीकडे हलवली. मग त्याने आमच्या संघाला दुसरी संधी देत माझ्या पलीकडे हात केला. मॅडमनी चष्मा लावला, तीन अक्षरांपुरतं तोंड उघडलं, आणि स्टुडिओत बसलेली माणसं टाळ्या वाजवू लागली.

कॅस्पियन. मी कॅस्पियन म्हणालो होतो, बैकल मॅडम म्हणाल्या होत्या. ते मला त्या क्षणी इतकं स्वच्छ आठवलं की घंटीचं थंड बटणसुद्धा बोटाला लागलं. खोटं बोलायचं म्हणून मी कधीच बोललो नव्हतो. पहिल्या वर्षी मी आम्ही जिंकलो असं सांगायचो. मग कधीतरी साहेब निवृत्त झाले, मॅडमची बदली झाली, आणि सांगायला मी एकटाच उरलो.

मग बावीस माणसं जितक्या चांगुलपणाने उठू शकतात तितक्या चांगुलपणाने उठली. "हात तर सगळ्यांत आधी तुमचाच गेला," मोठ्या बाई म्हणाल्या. नकाशेकाका म्हणाले की कॅमेऱ्याचा कोन चांगला नव्हता. गोदामप्रमुखांनी माझा हात दोन्ही हातांत धरला आणि दाखल्यासाठी ते स्वतः शब्द टाकतील असं सांगितलं. सगळे एकामागून एक आडवे होत बाहेर पडले. अण्णा जाता जाता म्हणाले, "केस फार चांगले होते रे तुझे," आणि माझ्या पाठीवर हात ठेवून गेले. लेकीने काही थट्टा केली नाही. ते मला सगळ्यांत लागलं.

मी सोफ्यावर बसलो. बायको शेजारी येऊन बसली.

"मला माहीत होतं," ती म्हणाली.

"काय?"

"तुमचं उत्तर चुकलं होतं ते. आपलं लग्नाचं बोलणं चाललं होतं ना तेव्हा. बाबा म्हणाले, मुलगा टीव्हीवर येणार आहे, नीट बघून घे. सगळं घर बसलं होतं. तुम्ही चुकलात तसा दादा म्हणाला, झालं, हा मुलगा काही खरा नाही."

"मग?"

"मग तुम्ही हसलात. चुकलात आणि मोकळेपणाने हसलात, आणि त्या मॅडमचं उत्तर बरोबर आलं तेव्हा सगळ्यांच्या आधी टाळ्या तुम्ही वाजवल्यात. आत्ता पडद्यावर पण वाजवल्यात, तुम्ही बघितलं नाहीत. तुम्ही आमच्याकडे बघत होतात. मी तशीच उठले आणि आईला सांगितलं, मला पसंत आहे."

सव्वीस वर्षं ही बाई प्रत्येक पाहुण्यासमोर ती गोष्ट ऐकत आली होती.

"अगं, मग एकदा तरी बोलायचंस!"

"कशाला? सांगताना तुम्ही इतके खूश असायचात."

मला एकदम असा आनंद झाला की अंगावर काटा आला. कान गरम झाले. मी तिच्याकडे वळून बसलो.

"पुन्हा सांग."

"कुठून?"

"सगळं घर बसलं होतं, तिथून."